सू जॉन्सन आणि जोडप्यांसाठीची भावनाकेंद्री थेरपी (ईएफटी): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सू जॉन्सन कोण होत्या?

जोडप्यांसाठीची ईएफटी घडवणाऱ्या, कॅनडातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि ओटावा विद्यापीठातल्या प्राध्यापक. जन्म १९ डिसेंबर १९४७, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात. आईवडील पब चालवायचे. एकमेकांवर जीव असूनही भांडून भांडून त्यांचा संसार मोडला, आणि तो मोडताना मुलीने जवळून पाहिला. हल विद्यापीठात इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन त्या कॅनडाला गेल्या आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून १९८४ मध्ये समुपदेशन मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मार्गदर्शक होते लेस्ली ग्रीनबर्ग. १९९८ मध्ये ओटावात त्यांनी ‘आयसीईईएफटी’ ही प्रशिक्षण संस्था उभी केली. सामान्य वाचकांसाठीचं त्यांचं ‘होल्ड मी टाइट’ हे पुस्तक २००८ मध्ये आलं आणि २०१६ मध्ये ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान मिळाला. २३ एप्रिल २०२४ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या आधी जोडप्यांची थेरपी नव्हती का?

होती. त्या काळी सगळ्यात जास्त वजन होतं वर्तनवादी पद्धतीला. बोलण्याची कौशल्यं शिकवायची, प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्या शिकवायच्या आणि दोघांत करार करून द्यायचा: तू भांडी घास, मी मुलांचा अभ्यास घेतो. याने भांडणं थोडी कमी व्हायची. पण ऐन तापलेल्या क्षणी शिकवलेलं वाक्य कुणालाच आठवायचं नाही, आणि भांडण थांबलं तरी जवळीक परत येईलच असं नसायचं.

जॉन्सन यांनी सेशनच्या टेप पुन्हापुन्हा पाहायला सुरुवात केली. कुठे जोडपं अडकतं, आणि कुठे अचानक दोघांचे चेहरे मऊ होतात, हे त्या टिपत गेल्या. त्यातून पायऱ्या लिहिल्या गेल्या. १९८५ मध्ये जॉन्सन आणि ग्रीनबर्ग यांनी पहिली चाचणी प्रसिद्ध केली. ४५ जोडपी, तीन गट: एकाला नवी पद्धत म्हणजे ईएफटी, दुसऱ्याला प्रश्न सोडवण्याचं प्रशिक्षण, तिसरा गट प्रतीक्षायादीत. सेशन फक्त ८. नात्यातलं समाधान आणि जवळीक, दोन्ही बाबतींत नवा गट पुढे होता.

मग यात अटॅचमेंट, म्हणजे जवळच्या माणसाशी जडणारा बंध, कुठून आलं?

थोडं उशिरा, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आधी पद्धत चालली, ती का चालते याचं उत्तर नंतर सापडलं. १९८६ च्या एका लेखात जॉन्सन यांनी सरळ प्रश्न टाकला की लग्नाचं नातं हा सौदा आहे की बंध? सौदा असेल तर वाटाघाटी शिकवा. बंध असेल तर जॉन बोल्बी यांच्याकडे जायला हवं.

बोल्बी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ. जेम्स रॉबर्टसन यांच्यासोबत त्यांनी आईपासून दूर, इस्पितळात किंवा संस्थेत ठेवलेल्या लहान मुलांच्या वागण्याचे तीन टप्पे मांडले: आधी आकांत, मग हताशा, मग अलिप्तपणा. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि नंतर अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये आया आणि बाळांचं निरीक्षण केलं. १९८७ मध्ये हाझान आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रौढांच्या प्रेमातही हीच यंत्रणा काम करते.

हे जोडप्यांवर लावून पाहा. रोज कटकट करणारी बायको आकांताच्या टप्प्यावर आहे. ‘आता मला काही फरक पडत नाही’ म्हणणारी तिसऱ्या टप्प्याकडे चालली आहे. म्हणून अनुभवी थेरपिस्टला आरडाओरड करणाऱ्या जोडप्यापेक्षा शांत, सभ्य, एकमेकांना ‘हो ना, तुझंही बरोबर’ म्हणणाऱ्या जोडप्याची काळजी जास्त वाटते.

मी ऑनलाइन टेस्ट दिली. माझी अटॅचमेंट स्टाइल ॲंक्शस (साथ सुटेल या भीतीची) आली आणि नवऱ्याची अव्हॉइडंट (जवळीक टाळणारी). आमचं जमेल का?

टेस्टवरून ते ठरत नाही. या स्टाइल म्हणजे रक्तगट नव्हेत. माणूस आणि नातं बदललं की त्या बदलू शकतात. ईएफटीमध्ये त्यांचा उपयोग एवढाच, की घाबरल्यावर कोण पुढे धावतं आणि कोण मागे सरकतं याचा अंदाज येतो. जोडीदाराला ‘तू अव्हॉइडंटच आहेस’ असं सुनावण्यासाठी ती टेस्ट वापरली जात असेल, तर तो चक्रातलाच एक नवा टोमणा झाला.

हे ‘चक्र’ म्हणजे नेमकं काय?

एकाच्या बचावातून दुसऱ्याची भीती वाढते, आणि दुसऱ्याच्या बचावातून पहिल्याची. जॉन्सन यांनी तीन नमुने सांगितले. पहिल्यात दोघंही ‘चूक कुणाची’ हेच ठरवत बसतात. दुसरा सर्वांत जास्त दिसतो: एक जण मागे लागतो, दुसरा माघार घेतो. तिसऱ्यात दोघंही गप्प. हा तिसरा बहुधा दुसऱ्याचाच पुढचा टप्पा असतो. मागे लागणारा दमून थांबलेला असतो.

भांडणाचा विषय काहीही असू शकतो: ओला टॉवेल, पैसे, कुणाच्या माहेरी किती दिवस. विषय बदलला तरी चाल तीच राहते. खाली दबलेले प्रश्न दोनतीनच असतात. हाक मारली तर येशील का? माझ्यावाचून तुझं अडतं का? मी तुला पुरेसा आहे का?

सेशनमध्ये काय करतात? क्रमाने सांगा.

सुरुवातीला एकदोन सेशन दोघांची एकत्र, मग प्रत्येकाचं एकेक स्वतंत्र, मग पुन्हा एकत्र. स्वतंत्र सेशनमध्ये हिंसा, व्यसन, बाहेरचं चालू प्रकरण यांची विचारपूस होते. तिथे सांगितलेलं गुपित थेरपिस्ट ठेवणार की नाही, हा नियम पहिल्याच दिवशी स्पष्ट झाला पाहिजे. झाला नसेल तर तुम्ही विचारा.

पुढचं काम ३ टप्पे आणि ९ पायऱ्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात (पायऱ्या १ ते ४) विश्वास जमवायचा, चक्र शोधायचं, त्याखालच्या न बोललेल्या भावना वर आणायच्या आणि ‘शत्रू तू नाहीस, हे चक्र आहे’ इथवर दोघांना आणायचं. दुसरा टप्पा (५ ते ७) खरा अवघड. त्यात आधी माघार घेणारा परत नात्यात येतो, आणि मग मागे लागणारा दोष देणं सोडून मऊ होतो, मागायचं ते सरळ मागतो. तिसऱ्यात (८ व ९) पैसे, मुलं, सासर असे जुने विषय पुन्हा घेतात आणि नवी चाल पक्की करतात. गंमत म्हणजे जे विषय घेऊन जोडपं आलेलं असतं, त्यांवर तोडगे शेवटी निघतात, आणि तेव्हा बरेच सोपे गेलेले असतात.

प्रत्येक सेशनच्या आत पाच हालचालींची एक साखळी असते. जॉन्सन स्वतः अर्जेंटाइन टँगो नाचायच्या, म्हणून तिला त्यांनी टँगो म्हटलं. आत्ता दोघांत काय चाललंय ते दाखवणं, भावना जुळवून खोल नेणं, ती जोडीदाराला सांगायला लावणं, सांगितल्यावर दोघांना काय झालं ते विचारणं, आणि शेवटी घडलेलं बांधून ठेवणं.

याचं एखादं उदाहरण द्याल?

समजावण्यासाठी रचलेला एक तुकडा:

नवरा: ‘ही बोलायला लागली की मी गॅलरीत जातो. उगाच वाढवायचं कशाला?’

थेरपिस्ट: ‘तिथेच थांबू या. यांचा आवाज चढतो आणि तुम्ही गॅलरीत. उठायच्या अगदी आधी अंगात काय होतं?’

‘काही नाही… छातीत गच्च होतं.’

‘छातीत गच्च. आणि मनात काय येतं?’

‘की झालं, परत नापास. काहीही करा, हिला पुरणार नाही.’

‘परत नापास. म्हणून गॅलरी. अजून नापास व्हायला नको म्हणून. हे यांना कधी बोललात?’

‘नाही.’

‘आत्ता बोलाल? माझ्याकडे नको, यांच्याकडे बघून.’

‘तुझा आवाज चढला ना, की मला वाटतं मी परत नापास झालो. म्हणून जातो मी.’

थेरपिस्ट बायकोला: ‘हे ऐकताना काय होतंय?’

‘खरं नाही वाटत. मला वाटायचं याला काही पडलेलीच नाही.’

यात थेरपिस्टने भावनेचे सुटे भाग गोळा केले: ठिणगी (चढलेला आवाज), शरीर (छाती), अर्थ (नापास), कृती (गॅलरी). बोलणं संथ, वाक्यं छोटी, आणि शब्द त्या माणसाचेच. ‘नापास’च्या जागी ‘अपुरेपणाची भावना’ म्हटलं असतं तर तो लगेच भावना सोडून विचारांत शिरला असता आणि तत्त्वज्ञान सुरू झालं असतं.

बायकोचं ‘खरं नाही वाटत’ हे अपेक्षितच आहे. इतकी वर्षं बंद दिसलेलं दार एका वाक्याने उघडलं यावर कुणाचा विश्वास बसेल? तिने ‘आता नाटकं कर’ असं म्हटलं असतं, तर तो घाव थेरपिस्टने मध्येच झेलायचा असतो. तिला दटावायचं नाही आणि नवऱ्याला परत कवचात जाऊ द्यायचं नाही. ‘इतके दिवस एकटं वाटल्यावर हे ऐकायला विचित्र वाटणारच’ असं काहीतरी म्हणून तो तिच्या बाजूला उभा राहतो.

किती सेशन लागतात?

साधारण ८ ते २०, शक्यतो आठवड्याला एक. लहानपणीचा अत्याचार किंवा मोठा आघात पाठीशी असेल तर बरीच जास्त. महिन्यातून एकदा भेटून पहिला टप्पा पार होणं कठीण. मधल्या काळात चक्र दहा वेळा फिरून जातं.

ही थेरपी फसते ती कुठे?

बहुतेक वेळा क्रम चुकल्याने. मागे लागणाऱ्या व्यक्तीला आधी मऊ करायला घेणं ही नेहमीची चूक. ती रडते, आपली भीती उघडी करते, आणि समोरचा माघार घेणारा अजून आलेलाच नसतो. तो घड्याळाकडे पाहतो. त्या एका क्षणाने कित्येक आठवड्यांचं काम मागे जातं, आणि पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाही. म्हणून माघार घेणाऱ्याला आधी परत आणायचं.

दुसरी चूक थेरपिस्टने विषयात शिरण्याची. टॉवेल कुणी उचलायचा यावर पाऊण तास गेला की सेशन संपलं, चक्र जिथल्या तिथे. तिसरी, थेरपिस्ट मधला निरोप्या बनण्याची: नवरा थेरपिस्टला सांगतो, थेरपिस्ट बायकोला समजावतो. सगळ्यांना बरं वाटतं. घरी गेल्यावर मात्र निरोप्या नसतो. एकमेकांकडे बघून बोलायला लावणं अवघडल्यासारखं होतं म्हणून नवखे थेरपिस्ट ते टाळतात, आणि तिथेच पद्धतीचा कणा मोडतो.

आणखी एक फसवी जागा पहिल्या टप्प्याच्या शेवटी येते. भांडणं कमी होतात, जोडपं खूश होतं आणि थांबतं. शांतता आलेली असते, पण बंध बदललेला नसतो. अशी जोडपी एखाद्या मोठ्या ताणानंतर पुन्हा त्याच चक्रात सापडण्याचा धोका राहतो.

एकाने विश्वासघात केला असेल तर?

चक्र शांत झालं तरी काही जोडपी दुसऱ्या टप्प्यात अडतात, कारण एक जुना प्रसंग मध्ये येतो. तो दर वेळी प्रेमप्रकरणाचाच असतो असं नाही. गर्भपात झाला त्या रात्री तो ऑफिसात थांबला, वडील गेले तेव्हा ती आली नाही: गरज सर्वांत जास्त होती तेव्हा हात सोडल्याची जखम. ‘किती वर्षं तेच उगाळणार?’ हे वाक्य तिला ताजं ठेवतं.

यासाठी जॉन्सन यांच्या गटाने स्वतंत्र पायऱ्या आखल्या. दुखावलेली व्यक्ती प्रसंग पुन्हा सांगते, रागाखालचं दुःख बोलते. दुखावणारी व्यक्ती सफाई न देता ऐकते, आणि ते दुःख तिला भिडल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. मग माफी. मग तेव्हा हवा होता तो आधार आत्ता मागणं आणि आत्ता मिळणं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २४ पैकी १५ जोडप्यांनी ही जखम मिटवली, आणि ३ वर्षांनंतरच्या पाहणीत त्यांचा फायदा टिकलेला होता. ‘सॉरी म्हटलं ना!’ ही माफी यात बसत नाही. ती विषय बंद करण्यासाठी असते.

कुणी ही थेरपी घेऊ नये?

घरात हिंसा चालू असेल तर नाही. ही पद्धत माणसाला कवच उतरवायला सांगते, आणि मारणाऱ्यासमोर कवच उतरवणं धोक्याचं आहे. आधी सुरक्षितता: महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. बाहेरचं प्रकरण चालू आहे आणि ते थांबवायची तयारी नाही, किंवा व्यसन आवाक्याबाहेर आहे, तेव्हाही थांबावं. एकाने घटस्फोटाचं मनोमन पक्कं केलं असेल तर काम वेगळं. तिथे बंध दुरुस्त करण्याऐवजी नीट वेगळं व्हायला मदत लागते.

याला पुरावा किती? की नुसती चलती आहे?

पुरावा बरा आहे. १९९९ च्या एकत्रित आढाव्यात थेरपी संपेपर्यंत ७० ते ७३ टक्के जोडपी ‘त्रासलेली’ या गटातून बाहेर आली होती. मोजमाप बहुधा ३२ प्रश्नांच्या एका प्रश्नावलीवर होतं. १९९७ च्या एका अभ्यासात कुणाला फायदा होईल याचा शोध घेतला, तेव्हा सुरुवातीचं भांडण किती तीव्र आहे याला फारसं महत्त्व नसल्याचं दिसलं. थेरपीत करतोय ते काम आपल्या उपयोगाचं आहे असं जोडप्याला वाटणं जास्त महत्त्वाचं ठरलं. बायकोचा ‘याला अजून माझी काळजी आहे’ हा विश्वासही.

२०१३ चा मेंदूच्या स्कॅनचा प्रयोग सर्वांत जास्त सांगितला जातो. स्कॅनरमध्ये स्त्रीला घोट्याला सौम्य विजेचा झटका बसण्याची सूचना दाखवायची: कधी एकटी असताना, कधी परक्या व्यक्तीचा हात धरून, कधी जोडीदाराचा. थेरपीआधी जोडीदाराच्या हाताने मेंदूतला धोक्याचा प्रतिसाद फारसा उतरत नव्हता, थेरपीनंतर उतरला. चित्र बोलकं आहे, पण जोडपी होती २४, तेव्हा त्यावर इमारत बांधू नये.

बरंचसं संशोधन ही पद्धत घडवणाऱ्या गटानेच केलेलं आहे, आणि जोडपी मुख्यतः उत्तर अमेरिकेतली. मुंबई-पुण्यातल्या थेरपिस्टने टक्केवारी जशीच्या तशी इथल्या जोडप्यांना सांगणं आम्हाला पटत नाही.

मुलं आणि आईवडील यांच्यासाठी असं काही आहे का?

दोन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. जॉन्सन यांची पद्धत कुटुंबांसाठी वापरतात तेव्हा तिला ईएफएफटी म्हणतात. दुसरी आहे एबीएफटी, म्हणजे अटॅचमेंटवर आधारलेली कुटुंब थेरपी, अमेरिकेत फिलाडेल्फियात गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी निराश आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी घडवलेली.

एबीएफटीत ५ कामं असतात. पहिल्यात ‘मुलाला कसं सुधारायचं?’ हा प्रश्न बदलून ‘इतका त्रास होत असताना हा तुमच्याकडे का आला नाही?’ असा करतात. मग मुलाशी एकट्याने बोलणं, मग पालकांशी एकट्याने, त्यात त्यांचं स्वतःचं बालपणही येतं. चौथ्यात दोघं समोरासमोर, आणि पाचव्यात अभ्यास, मित्र, घराचे नियम. चौथं काम आधी उरकायची घाई केली तर पालक सफाई देऊ लागतात आणि मूल ‘बघा, मी म्हटलं होतं ना’ म्हणून मिटून जातं. २०१० च्या चाचणीत, ६६ मुलांत, ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. २०१९ मध्ये १२९ मुलांच्या मोठ्या चाचणीत मात्र दुसऱ्या एका आधार देणाऱ्या थेरपीइतकाच फायदा दिसला. दोन्ही गटांतले आत्महत्येचे विचार कमी झाले होते.

मूल आत्महत्येबद्दल बोलत असेल तर थेरपीच्या तारखेची वाट पाहू नका. टेलिमानस १४४१६ वर चोवीस तास मराठीतही बोलता येतं.

आमचं भांडण सासूबाईंवरून आहे. त्यांनाही न्यायचं का?

सुरुवातीला नाही. सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा बहुधा ‘त्या बोलल्या तेव्हा तू गप्प बसलास’ हे जास्त बोचलेलं असतं, आणि ते दोघांमधलं आहे. नवराही तिथे बहुधा ‘आई की बायको’ या भीतीने गोठलेला असतो. ते सुटलं की सासूबाईंशी काय बोलायचं हे दोघं मिळून ठरवू शकतात.

चेहऱ्यावर आणि अंगावर ठरावीक जागी बोटांनी टॅपिंग करतात तीच ही ईएफटी का?

नाही. आद्याक्षरं सारखी, बाकी काही संबंध नाही. फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या.

घरच्या घरी काय करता येईल?

भांडण निवल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, फक्त स्वतःची चाल सांगा: ‘तू फोनकडे बघत राहिलास, मला वाटलं मी नकोशी झाले, आणि मी टोमणा मारला.’ त्याची चाल तुम्ही सांगू नका. तीन वाक्यांत थांबा. विश्वासघाताची जखम मात्र घरी उघडायला घेऊ नये.

थेरपिस्ट खरंच शिकलेला आहे हे कसं ओळखावं?

आयसीईईएफटीचं शिक्षण ४ दिवसांच्या प्राथमिक वर्गापासून सुरू होतं. पुढे कौशल्यांचं प्रशिक्षण, सुपरव्हिजन आणि स्वतःच्या सेशनचं चित्रीकरण तपासून घेतल्यावर प्रमाणपत्र मिळतं. तेव्हा ‘ईएफटी केलंय’ यावर न थांबता कुठवर केलंय ते विचारा. पहिल्या वर्गानंतर थांबणारे बरेच असतात. प्रमाणित व्यक्तींची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर देशानुसार शोधता येते. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) आहे का, हेही वेगळं पाहा, कारण ईएफटीचं प्रमाणपत्र म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. चित्रीकरणासाठी तुमची लेखी संमती लागते. ‘नको’ म्हटल्याने तुमच्या थेरपीत फरक पडता कामा नये, आणि पडत असेल तर दुसरा थेरपिस्ट पाहा.